खडूचा गोल

नळदुर्गात हायवेला लागून बब्रुवान मिस्त्रीचं गॅरेज आहे. पाटी होती कधीकाळी. ती वाऱ्यानं पडली, पुन्हा लावायचं त्याला सुचलं नाही, आणि तिच्यावाचून गिऱ्हाइकाचं काही अडलंही नाही. तुळजापूरला देवीला निघालेल्या एखाद्या कुटुंबाची गाडी रुसली की धाब्यावरचा माणूस एवढंच सांगतो, "फुडं जावा. उजव्या हाताला एक म्हातारा प्लग हातात धरून उन्हाकडं बघत बसलेला दिसंल. त्योच बब्रुवान मिस्त्री."

प्लग बघणं हा त्याचा धंदा कमी आणि भक्ती जास्त. पेट्रोल गाडीचा ठिणगी पाडणारा प्लग काढायचा, टोक उन्हात धरायचं आणि रंग बघायचा. दुधाच्या चहासारखा तांबूस रंग असला तर इंजिनाचं पोट ठीक आहे. पांढराफटक असला तर हवा जास्त, पेट्रोल कमी, इंजिन तापून एक दिवस दगा देणार. आणि काळी काजळी धरली असली तर पेट्रोल जास्त, म्हणजे इंजिनाला अजीर्ण. एवढ्यावर त्यानं चाळीस वर्षं काढली, आणि त्याचं निदान चुकल्याचं नळदुर्गात कुणाच्या ऐकिवात नव्हतं. असल्या माणसाला एक खोड लागते. आपण चुकू शकतो हे तो हळूहळू विसरून जातो.

हे सगळं तो सोलापूरच्या एका उस्तादाकडे शिकला. उस्तादाचा एक नियम होता. इंजिनात, नळीत, कुठेही साबणाचा फेस लावून गळती सापडली की तिथं खडूनं गोल काढायचा, आणि दुसऱ्या डोळ्यानं तो गोल बघितल्याशिवाय नटाला पाना लावायचा नाही. एका डोळ्यानं बघितलेलं खरं धरायचं नाही, मग तो डोळा खुद्द उस्तादाचा का असेना. बब्रुवान एकटाच काम करायचा, त्यामुळे दुसरा डोळा आणायचा कुठून, हा त्याचा कायमचा घोर. चहावाल्याला ओढून आणायचा, बस चुकलेल्या प्रवाशाला गळ घालायचा, "जरा हितं वाकून बगा की. फेस येतोय का न्हाय?" लोक हसायचे, पण वाकायचे.

मग त्याची एकुलती एक लेक हर्षाली नऊ वर्षांची झाली, आणि एका दुपारी त्याचा डबा घेऊन आलेली ती गाडीखाली वाकून म्हणाली, "अण्णा, गोल चुकलाय तुमचा. फेस त्याच्या खाली येतोय." बब्रुवाननं बघितलं. खरंच खाली येत होता. त्या दिवसापासून दुसरा डोळा तिचा झाला. पुढं ती स्वतःही गोल काढायला लागली, आणि ते तो बघायचा. पुढची तेरा वर्षं गॅरेजात एकही गोल तिनं बघितल्याशिवाय पुसला गेला नाही.

तिनं रोज एसटीनं ये-जा करून धाराशिवला आयटीआय केलं. मोटार मेकॅनिकच्या वर्गात पोरगी ती एकटीच. शेवटच्या दिवशी येताना एक छोटा स्कॅनर घेऊन आली. तो गाडीला जोडला की गाडीतला कॉम्प्युटर आपलं दुखणं सांगतो. बब्रुवान तोंडावर त्याला 'टीव्हीचा रिमोट' म्हणायचा आणि तिकडं चहाच्या टपरीवर छाती फुगवून सांगायचा, "आमची पोरगी गाडीलाच इचारती, बाई, तुला कुठं दुखतंय? आन् गाडी सांगती!" गॅरेज ती पुढं चालवणार हे त्यानं मनात पक्कं धरलं होतं. तिनंही धरलं होतं. धाराशिवपलीकडच्या वाशीच्या एका घरून आलेलं चांगलं स्थळ तिनं दोनदा परतवलं, तेव्हा तिच्या आईनं, तारामतीनं, कपाळाला हात लावला. पण बब्रुवान आतून खूश झाला.

आणि मग राजशेखरची लाल गाडी आली.

राजशेखर हायवेवरच्या एका मोठ्या धाब्याच्या मालकाचा मुलगा. पुण्याहून तो गाडीला लावायला हेडर घेऊन आला होता. इंजिनातला धूर बाहेर पडायला गाडीला मुळात एक ओबडधोबड ओतीव लोखंडी तोंड असतं. त्याच्या जागी हेडर, म्हणजे चार लांब गुळगुळीत नळ्या, पुढं जाऊन एकात मिळणाऱ्या. धूर अडखळत नाही, सुसाट पळतो, आणि पळता पळता मागचं सगळं ओढून नेतो. इंजिन मोकळं होतं, जोर वाढतो. राजशेखरला जोराशी फारसं देणंघेणं नव्हतं. त्याला तो घुमणारा आवाज पाहिजे होता, बस स्टँडवरची माणसं वळून बघतील असा.

पुण्याचं हेडर त्या गाडीला बसेना. बब्रुवाननं ते कापलं, तोंडाची पट्टी नव्यानं जुळवली आणि वेल्डिंग मारलं. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांना असली कामं त्यानं पुष्कळ केली होती. त्याचं गणित पाठ होतं. हेडर लावलं की इंजिन जास्त हवा ओढतं. पेट्रोल तेवढंच राहिलं तर मिश्रण पातळ होतं, प्लग पांढरा पडतो. मग पेट्रोलचं जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक तोटी, एक नंबर मोठं घालायचं की झालं. आता नव्या गाडीत जेट नाही. तिथं धुराच्या नळीत एक सेन्सर बसवलेला असतो. तो धूर हुंगून कॉम्प्युटरला कळवतो आणि कॉम्प्युटर पेट्रोल कमी-जास्त करतो. ते काम हर्षालीचं. तिनं सेन्सर नव्या नळीवर नीट बसवून दिला.

आठ दिवसांत राजशेखर परत आला. लिटरला अठरा जाणारी गाडी दहावर आली होती, मागून काळा धूर, आणि गाडीत बसलं की कच्च्या पेट्रोलचा वास. बब्रुवाननं प्लग काढले. चारही काळेकुट्ट.

त्याला ते पटेचना. हेडर लावल्यावर प्लग पांढरा पडायला पाहिजे, काळा पडतोच कसा? चाळीस वर्षांचं गणित उलटं झालं होतं. त्यात आणखी एक गोष्ट होती, जी त्यानं तारामतीपासूनही लपवली होती. त्याच्या उजव्या डोळ्यावर मोतीबिंदूची साय धरायला लागली होती. हेडरच्या आतल्या बाजूचं वेल्डिंग त्यानं अर्धं अंदाजानंच मारलं होतं.

हर्षाली गाडीखाली गेली. इंजिन चालू ठेवून, धूर कोंडावा म्हणून मागचा पाइप ओल्या फडक्यानं दाबला, जोडांवर साबणाचा फेस लावला आणि बघत राहिली. मग खिशातला खडू काढून तिनं एक गोल काढला. बरोबर बब्रुवानच्या वेल्डिंगवर.

"अण्णा, ह्ये बगा," ती बाहेर येऊन म्हणाली. "हितं केसाएवढी फट हाय. धूर सुटतो तवा त्यातनं भाईर येतो, पण धुराच्या दोन झोतांच्या मधी नळीत ओढ तयार व्हती. त्या ओढीनं भाईरची हवा आत शिरती. ती सेन्सरला लागती, आन् त्याला वाटतं इंजिनाला पेट्रोल कमी पडतंय. मग कॉम्प्युटर पेट्रोल वततच राहतो. इंजिन उपाशी न्हायच, अण्णा. आपन त्याला उगं कोंबतोय."

तिचं म्हणणं सरळ होतं, खरं होतं, आणि ती त्याला फक्त खाली वाकून बघायला सांगत होती. पण त्या वेळी गॅरेजात राजशेखर होता, त्याचे दोन मित्र होते, चहावाला होता, आणि आपल्या जीपचं काम करून घ्यायला आलेले शरणबसप्पा होते. राजशेखर हसून म्हणाला, "काका, पोरीच्या हातात पाना दिला की आसंच व्हनार. तिनंच त्यो सेन्सर वाकडा बसवला आसंल."

बब्रुवाननं वाकून तो गोल बघायला पाहिजे होता. नियम त्याचा होता, उस्तादानं दिलेला, आणि त्याला दुसरं काहीच करायचं नव्हतं. पण आपला डोळा अधू झालाय आणि आपला हात चुकलाय, हे चार माणसांत उघडं पडणार म्हटल्यावर तो बिथरला. तो गाडीखाली गेला, हातातल्या फडक्यानं तो गोल पुसून टाकला आणि बाहेर येऊन म्हणाला, "पोरीचा हट्ट हाय निसता. तिला त्यातलं काय कळतंय?"

आणि तो हसला. सगळे हसले म्हणून तोही हसला. शरणबसप्पा तेवढे हसले नाहीत. ते जीपकडे बघत राहिले.

हर्षालीनं हातातला पाना ट्रेमध्ये त्याच्या जागेवर ठेवला. प्रत्येक पाना आपल्या जागेवर ठेवायची सवय तिला त्यानंच लावली होती. मग हात पुसले आणि घरी गेली. ना रडली, ना भांडली. भांडली असती तर फार बरं झालं असतं. तीन दिवसांनी भाकरी थापणाऱ्या आईला ती म्हणाली, "वाशीवाल्यांना कळवा. माझी ना न्हाय."

त्या तीन दिवसांत बब्रुवाननं तिला एकदाही 'चल गॅरेजला' म्हटलं नाही. त्याला वाटलं, राग उतरला की येईल आपली आपण. राजशेखर ती गाडी सोलापूरला घेऊन गेला. तिथं कुणीतरी हेडर काढून मूळचं तोंड परत बसवलं, आणि गाडी सुधारली. काढलेलं हेडर राजशेखरनं रागानं गॅरेजाच्या मागे आणून टाकलं. बब्रुवाननं ते टायरांच्या ढिगाखाली सारलं. डोळ्यासमोर नको.

पाहुणे बघायला येणार त्याच्या आदल्या दिवशी तारामतीनं लेकीचे हात धरले. तेरा वर्षांचं ग्रीस बोटांच्या रेषांत बसलेलं. अर्धं लिंबू आणि साखर घेऊन ती ते हात घासत बसली, नखांच्या कडा काडीनं कोरत बसली. गॅरेजात रोज संध्याकाळी बाप-लेक दोघं असेच लिंबू-साखरेनं हात धुवायचे. त्या दिवशी मात्र ते हात एकदाचे धुऊन काढायचे होते.

मुलगा रणधीर तालुक्याच्या एका कार्यालयात कारकून, स्वभावानं गरीब. त्याची आई लक्ष्मीबाई बोलकी, मायाळू. त्यांनी सहज विचारलं, "पोरगी दिवसभर काय करती?"

भावकीतल्या शहाण्यांनी बब्रुवानला आधीच पढवून ठेवलं होतं, की पोरगी गॅरेजात गाडीखाली झोपते म्हटलं तर पाहुणे चहाही न घेता उठतील. तो म्हणाला, "घरीच आसती. सैपाक, शिवणकाम. गॅरेजाची पायरी आमी पोरीबाळीला चढू देत न्हाय." हर्षाली पोह्यांचा ट्रे धरून समोर उभी होती. तिनं फक्त एकदा बापाकडे बघितलं. आठ दिवसांमागं त्यानं तिचा गोल पुसला होता; आता तिची तेरा वर्षं पुसली.

लग्न झालं. ती वाशीला गेली. फोन यायचा, पण तिकडं फोन नेहमी स्पीकरवर असायचा. लक्ष्मीबाई मधे बोलायच्या, मागं कुकर वाजायचा. "कशी हायेस?" "बरी हाय." "जेवलीस?" "जेवले." दोन वर्षं दोघं असंच बोलत राहिले. गॅरेजात गळती सापडली की बब्रुवान खडूनं गोल काढायचा आणि मग त्याला आठवायचं की बघायला कुणीच नाही. पुन्हा चहावाल्याला हाक मारायची त्याला लाज वाटायची.

तिसऱ्या वर्षी त्याच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली आणि जग धुतल्यासारखं लख्ख झालं. गॅरेजात परतल्यावर पहिल्या आठवड्यात त्यानं मागचा टायरांचा ढीग उपसायला काढला आणि हेडर हाती लागलं. तो ते घेऊन उन्हात बसला. मन म्हणत होतं, टाकून दे. पण हात ऐकेनात. त्यानं चारही नळ्यांची तोंडं फडक्यांनी बंद केली, त्या जिथं एकात मिळतात त्या तोंडातून कॉम्प्रेसरची हवा सोडली आणि वेल्डिंगवर साबणाचं पाणी ओतलं.

फेस आला. आतल्या बाजूनं, बारीक, एका रेषेत, बुडबुड्यामागून बुडबुडा. बरोबर तिथं, जिथं तिनं गोल काढला होता.

कॉम्प्रेसर धडधडत राहिला, आपोआप बंद पडला, तरी बब्रुवान तो फेस बघत बसूनच. मग त्यानं ती फट घासली, नवीन वेल्डिंग मारलं, आणि स्वतः राजशेखरच्या धाब्यावर गेला. म्हणाला, "येकदा बसवू दे. न्हाय जमलं तर पुन्ना तोंड दावनार न्हाय." राजशेखरचं आता लग्न झालं होतं, आवाजाची हौस विरली होती, पण म्हाताऱ्याचा चेहरा बघून तो नाही म्हणू शकला नाही. हेडर बसलं. आठ दिवस गाडी फिरली. बब्रुवाननं प्लग काढले आणि एक उन्हात धरला. दुधाच्या चहाचा रंग.

तो प्लग त्यानं कागदात गुंडाळला आणि घरी जाऊन तारामतीला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मला सांगून काय उपेग? जिला सांगायचं तिला सांगा. आन् फोनवर नका सांगू."

रविवारी सकाळी तो प्लग खिशात टाकून तो एसटीत बसला. धाराशिवला गाडी बदलली. येडशीच्या पुढं रामलिंगाचं रान मागं पडलं, तसा तो मनातल्या मनात वाक्य जुळवू लागला. 'हर्षाली, तू बरोबर होतीस. फट माझ्या येल्डिंगला होती. म्या चार मानसांत तुला खोटं पाडलं, आता चार मानसांतच सांगतो.' चार माणसांत सांगायचं हे त्यानं पक्कं ठरवलं होतं. जिथं तिची पत घालवली तिथंच परत द्यायची. तिकडची चार माणसं वेगळी आहेत, आणि त्यांना आपणच काय सांगून ठेवलंय, हे त्या साध्या माणसाच्या ध्यानातच आलं नाही.

वाशीला घरी लक्ष्मीबाईंनी तोंडभरून स्वागत केलं. हर्षाली पाणी घेऊन आली, पाया पडली. तब्येत भरली होती, हातात हिरव्या बांगड्या, नखं स्वच्छ. सायलेन्सरवर भाजल्याचा अंगठ्यावरचा जुना डाग तेवढा तसाच होता. बब्रुवान त्या डागाकडेच बघत राहिला.

"हर्षाली," चहाचा कप हातात घेऊन त्यानं सुरुवात केली, "ती राजशेखरची लाल गाडी—"

"साखर कमी टाकलीय तुमच्या चहात, अण्णा," ती मधेच म्हणाली. "आईनं सांगितलं होतं." आणि आत गेली.

इतक्यात रणधीरनंच विषय काढला. "मामा, बरं झालं आलात. तुमच्यासारखा मिस्त्री घरात आन् माझी गाडी बघा, सहा म्हैनं झालं रडतीय." अंगणात लिंबाखाली त्याची जुनी गाडी उभी होती. पुढचा पाइप सडला होता, तेव्हा तिकडच्या दुकानदारानं त्याला हेडर गळ्यात मारलं होतं, जोर वाढतो म्हणून. जोर राहिला बाजूला, पेट्रोल पाण्यासारखं जायला लागलं. "दोन मिस्त्री झालं. येकानं प्लग बदललं, येकानं सेन्सर. फरक न्हाय."

बब्रुवाननं ऐकून घेतलं. त्याला गाडीत डोकवायचीही गरज नव्हती. तरी त्यानं एक पोतं मागितलं, ते अंथरलं आणि गाडीखाली सरकला.

जोडाची पट्टी अगदी डोळ्यासमोर होती. तिच्या कडेला वाळलेल्या साबणाच्या पांढऱ्या रेघा होत्या, उष्णतेनं भाजून पक्क्या झालेल्या. आणि त्या रेघांच्या मधोमध खडूचा एक गोल होता.

तो गोल त्यानं लाखांत ओळखला असता. डाव्या बाजूनं सुरू होणारा, शेवटाला जरा आत वळलेला. तेरा वर्षं त्यानं तो रोज बघितला होता. म्हणजे घरातली माणसं बाहेर गेलेली बघून, कधीतरी एकटीनं, साडीचा पदर खोचून ती इथं झोपली होती. साबण लावून फट शोधली होती. गोल काढला होता. आणि नवऱ्याला एका शब्दानं सांगितलं नव्हतं, कारण तिला हे येतं हेच या घराला माहीत नव्हतं. गाडी धूर ओकत राहिली, मिस्त्री येऊन जात राहिले, आणि ती भाकरी थापत गप्प राहिली. दुसऱ्या डोळ्याशिवाय नटाला पाना लावायचा नाही, तो नियमही तिनं पाळला होता. गोल काढून वाट बघत राहिली होती.

पोत्यावर पडल्या पडल्या बब्रुवान रडला. गाडीखाली होता म्हणून कुणाला दिसलं नाही.

बाहेर आला तेव्हा सगळे अंगणात होते. "काय दिसलं, मामा?" रणधीरनं विचारलं.

त्यानं उंबऱ्यात उभ्या असलेल्या हर्षालीकडे बघितलं. चार माणसं होती. आता नाही तर कधीच नाही. "पाव्हणं," तो म्हणाला, "मला काय इचारताय? हर्षालीला इचारा. तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं."

लक्ष्मीबाई पदर तोंडाला लावून हसल्या. रणधीरही हसला. हर्षालीचा चेहरा पांढरा पडला. तिनं एकदा सासूकडे बघितलं, एकदा नवऱ्याकडे, आणि मग बापाकडे बघून हसत म्हणाली, "काय तरीच, अण्णा. मला त्यातलं काय कळतंय?"

ते वाक्य त्याचंच होतं. शब्दही तेच, हसणंही तसंच, चार माणसांसाठी केलेलं. दोन वर्षं तिनं ते जपून ठेवलं होतं, की नाइलाजानं आत्ताच तिच्या तोंडात आलं, हे त्याला कधीच कळणार नव्हतं.

रणधीर तोवर वाकून खाली बघत होता. "मामा, हितं खडूनं कायतरी काढलंय. तुमी काढलं का?"

"आरं, गल्लीतली पोरं हायेत की," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "काल दिवसभर रेघोट्या मारत होती हितं."

हर्षाली बब्रुवानकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. नुसती विनवणी होती, की आता सांगू नका, दोन वर्षांचं खोटं या घटकेला उघडं पाडू नका. तुम्ही एसटीनं निघून जाल, मला इथं राहायचंय. आणि खोटं तरी कुणी पेरलं होतं?

"व्हय," तो म्हणाला. "पोरांनी काढलं आसंल."

आणि तो पुन्हा पोत्यावर आडवा झाला, खिशातला रुमाल काढला आणि आपल्या हातानं तो गोल पुसला. मग रणधीरकडून पाना घेऊन जोड खोलला, पट्टी घासली, हेडरसोबत आलेलं आणि डिकीत तसंच पडलेलं नवं गॅस्केट, म्हणजे फट बुजवणारी चकती, मधे घातलं आणि नट आवळले. गाडी चालू केली. धूर नाही, वास नाही. रणधीर खूश झाला. "दोन मिस्त्री हरलं, मामा! शेवटी तुमची नजर ती तुमची नजर." बब्रुवान मान हलवत राहिला. कागदात गुंडाळलेला प्लग खिशातून बाहेर निघालाच नाही.

हात धुवायला तो अंगणाच्या कोपऱ्यात गेला. कुणी न सांगता हर्षाली तांब्या घेऊन आली, आणि दुसऱ्या हातात अर्धं लिंबू आणि चिमूटभर साखर.

"लिंबू कशाला गं?" लक्ष्मीबाईंनी पडवीतून विचारलं.

"अण्णा आसंच हात धुतात, आत्याबाई."

ती पाणी ओतत होती, तो लिंबू चोळत होता. काळं पाणी दोघांच्या पायांमधून वाहत गेलं. तो खाली मान घालून, तिलाच ऐकू जाईल असं म्हणाला, "म्या बघितला गोल. बरोबर हाय. तवाबी बरोबर होता."

हर्षालीनं तांब्या जरा तिरपा केला. "बघितला," ती तितक्याच हळू म्हणाली, "आन् पुसलाबी."

उरलेलं पाणी तिनं त्याच्या हातांवर ओतलं, रिकामा तांब्या उचलला आणि भाकरी टाकायला आत गेली.